खिडकी वाट पाहते : नवशिक्याच्या पहिल्या खिडकीमागचा साठ वर्षांचा इतिहास

१/ प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक संध्याकाळ येते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आता आज्ञेत वागू लागलेली असतात. समजा, इतिहासाच्या आवडीपोटी आपण एक छोटा प्रोग्राम लिहिला : शके वर्ष घ्यायचे आणि इसवी सन सांगायचा. तो चालतो. मग वाटते, याला एक खरीखुरी खिडकी असावी. वर शीर्षक, मध्ये चौकट, खाली बटण. आणि इथे गाडी अडते. कालपर्यंत कळणारी भाषाच परकी वाटू लागते. आजच्या धाग्यात या अडखळण्याचा इतिहास पाहू.

२/ आधी अडचण नेमकी समजून घेऊ. काळ्या पडद्यावरचा प्रोग्राम कीर्तनकारासारखा असतो. पूर्वरंग केव्हा, उत्तररंग केव्हा, हे तोच ठरवतो. ‘शके सांगा’ म्हणतो, थांबतो, उत्तर मिळाले की पुढची ओळ घेतो. खिडकीचा प्रोग्राम किराणा दुकानदारासारखा असतो. सकाळी फळ्या काढून तो बसतो, माल जागच्या जागी असतो. पण पहिले गिऱ्हाईक कोण आणि ते काय मागणार, हे त्याच्या हाती नसते. त्याचे काम वाट पाहण्याचे. क्रम ठरवण्याची सत्ता प्रोग्रामकडून माणसाकडे गेली, ती कोणी आणि का नेली, हाच आपला विषय आहे.

३/ १९५० च्या दशकात संगणकासमोर माणूस जवळजवळ नसेच. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तराचा कागद मिळेपर्यंत तासन्‌तास थांबायचे. वाट पाहणे होते, पण ते माणसाच्या नशिबी. १ मे १९६४ रोजी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची ‘बेसिक’ भाषा सुरू झाली आणि सामान्य विद्यार्थी टंकयंत्रासारख्या टर्मिनलवरून संगणकाशी बोलू लागला. मात्र संवादाची सूत्रे अजून प्रोग्रामकडेच होती. प्रश्न तो विचारी, माणूस उत्तर देई.

४/ सूत्रे पहिल्यांदा माणसाच्या हाती आलेली दिसतात ती एमआयटीत. आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने १९६३ साली पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम सादर केला. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या यंत्राच्या पडद्यावर प्रकाश-लेखणी टेकवायची आणि रेघ ओढायची. दोन रेघा समांतर हव्यात, असे सांगितले की संगणक त्या समांतर करून ठेवी. पुढची रेघ कुठे उमटणार, हे प्रोग्रामला आधी ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. लेखणी कुठे टेकते, याकडे त्याला सतत लक्ष ठेवावे लागे. दुकानाच्या फळ्या इथे पहिल्यांदा निघाल्या.

५/ ९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट मंचावर बसले. त्यांचे यंत्र कित्येक किलोमीटर दूर मेन्लो पार्क येथे होते आणि दुव्याने पडद्याशी जोडलेले होते. सुमारे दीड तास त्यांनी माऊस, पडद्यावर होणारे संपादन, एका मजकुरातून दुसऱ्यात नेणारे दुवे आणि दूरच्या सहकाऱ्याशी एकाच पडद्यावर चालणारे काम दाखवले. लाकडी ठोकळ्यातला पहिला माऊस बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास बांधला होता. माणसाची विचारशक्ती वाढवण्याचे साधन म्हणून एंगलबार्ट संगणकाकडे पाहत. माणूस विचार करीत असताना यंत्राने थांबले पाहिजे, हे त्यातून ओघानेच आले.

६/ मग हे लगेच घरोघरी का पोचले नाही? उत्तर स्मृतीच्या किमतीत आहे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीने १९७० साली संशोधन केंद्र काढले. तिथे १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभ्या कागदासारखा, ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीतला एक बिट. हिशेब केला तर पडद्यालाच सुमारे ६० किलोबाइट लागतात आणि आल्टोची मूळ स्मृती होती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ अर्धे यंत्र केवळ चित्र दाखवण्यात खर्ची पडे. त्या काळी ही उधळपट्टी वाटे. पण खिडकी या उधळपट्टीतूनच जन्मली.

७/ याच केंद्रात ॲलन के यांचा एक गट होता. संगणक मुलांच्या हातात द्यायचा, आणि केवळ वापरायला नव्हे तर घडवायला द्यायचा, हे त्यांचे स्वप्न. डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि इतरांसह त्यांनी ‘स्मॉलटॉक’ ही भाषा व तिचे जग उभे केले. टेबलावर कागद एकमेकांवर पडावेत तशा एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या त्या जगात होत्या. जवळच्या शाळांतील मुले तिथे येत आणि प्रोग्राम लिहीत. ब्रूस हॉर्न हा त्यांच्यापैकीच एक. पुढे हाच मुलगा मॅकिंटॉशच्या ‘फाइंडर’चा एक निर्माता झाला.

८/ इथे थोडे थांबू. खिडक्यांच्या पहिल्या जगात नवशिक्यालाही निर्मात्याचे स्थान होते. स्मॉलटॉकमध्ये वापरणारा आणि बनवणारा यांच्यात भिंत नव्हती. समोरची खिडकी कशी चालते ते उघडून पाहता येई, बदलता येई. ही भिंत पुढे कशी उभी राहिली आणि कोणी कोणी तिला दारे पाडली, हा आपल्या कथेचा उत्तरार्ध आहे. पण त्याआधी त्या केंद्रातून आलेल्या तीन कल्पना पाहू. आजचा नवशिका त्या रोज वापरतो; नावे मात्र त्याला क्वचितच माहीत असतात.

९/ पहिली कल्पना : वस्तू आणि संदेश. तिचे बीज नॉर्वेत पडले होते. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा रचली. जगातील घडामोडींची नक्कल संगणकात करता यावी, हा तिचा हेतू. स्मॉलटॉकने ही कल्पना मुळापासून स्वीकारली. बटण ही एक वस्तू, चौकट ही दुसरी. प्रत्येकीला आपली स्थिती माहीत असते, आणि संदेश आला की काय करायचे तेही. दुकानात प्रत्येक बरणीला आपली जागा असावी, तसे हे झाले. कोणतीही मागणी केव्हाही आली तरी गोंधळ उडत नाही.

१०/ दुसरी कल्पना लॅरी टेस्लर यांची. त्या काळच्या संपादकांत ‘स्थिती’ असत : एका स्थितीत कळ दाबली की अक्षर उमटे, दुसऱ्या स्थितीत तीच कळ मजकूर पुसून टाकी. माणसाने यंत्राची स्थिती सतत लक्षात ठेवायची! टेस्लर यांनी याविरुद्ध जणू मोहीमच उघडली. त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही ‘नो मोड्स’ असे होते. आज आपण सहज वापरतो ती कापा-चिकटवा पद्धत टिम मॉट आणि त्यांच्या ‘जिप्सी’ संपादकातून रूढ झाली. आधी मजकूर निवडा, मग कृती सांगा. माणसाच्या मनाला येईल तो क्रम यंत्राने निमूटपणे मान्य करायचा.

११/ तिसरी कल्पना पुन्हा एका नॉर्वेजियनाची. ट्रिग्वे रेन्सकाउग १९७८-७९ मध्ये त्या केंद्रात पाहुणे संशोधक होते. त्यांनी प्रोग्रामचे तीन भाग वेगळे केले : मूळ माहिती आणि तिचा हिशेब, तो दाखवणारे दृश्य, आणि माणसाच्या कृती स्वीकारणारा नियंत्रक. आपल्या उदाहरणात शके-इसवीचा हिशेब हा पहिला भाग. त्याला खिडकीची काही खबर नसावी. हिशेब काळ्या पडद्यावर तपासून घ्यावा आणि मग त्याला खिडकी लावावी. नवशिक्याने एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मा त्रास वाचतो.

१२/ डिसेंबर १९७९ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी हे केंद्र पाहिले. त्यानंतरचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. जानेवारी १९८३ मध्ये ‘लिसा’ आली, किंमत ९,९९५ डॉलर. २४ जानेवारी १९८४ रोजी ‘मॅकिंटॉश’ आला, किंमत २,४९५ डॉलर. माऊस आणि खिडक्या सामान्य ग्राहकाच्या टेबलावर आल्या. ग्राहकाच्या दृष्टीने संगणक एकदम सोपा झाला. पण याच क्षणी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या बाजूला काय घडले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

१३/ मॅकिंटॉशच्या ६४ किलोबाइटच्या कायम स्मृतीत खिडक्या, मेनू आणि चित्रे यांच्यासाठी शेकडो तयार आज्ञा होत्या. बिल ॲटकिन्सन यांचे ‘क्विकड्रॉ’ हे रेखाटन-साधन त्यांतलेच. प्रोग्रामच्या गाभ्याशी एक चक्र असे : ‘पुढची घटना काय?’ असे विचारायचे, उत्तर आले की त्याप्रमाणे वागायचे आणि पुन्हा विचारायचे. यालाच इव्हेंट लूप म्हणतात. हे सारे शिकायला जाडजूड दस्तऐवज वाचावे लागत. आणि सुरुवातीच्या काळात मॅकिंटॉशचे गंभीर प्रोग्राम लिहायला त्याहून कितीतरी महाग लिसा जवळ असावी लागे. वापरणाऱ्याचा उंबरठा खाली आला, बनवणाऱ्याचा वर गेला.

१४/ मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज’ २० नोव्हेंबर १९८५ रोजी बाजारात आली. तिथेही तेच. सी भाषेत ‘नमस्कार जगा’ या अर्थाचे वाक्य छापणारा प्रोग्राम, जो केर्निहन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला, जेमतेम पाच-सहा ओळींचा. तेच वाक्य खिडकीत दाखवायला पन्नासहून अधिक ओळी लागू लागल्या. चार्ल्स पेट्झोल्ड यांचे विंडोज प्रोग्रामिंगवरील पुस्तक १९८८ साली आले आणि एका पिढीने त्यावरच अभ्यास केला. त्या पन्नास ओळी पाहून किती जणांनी पुस्तक मिटले असेल, याची नोंद इतिहासात नाही.

१५/ त्या ओळींत काय असे? खिडकीचा प्रकार नोंदवा, खिडकी तयार करा, दाखवा, मग संदेशांचे चक्र फिरवत राहा. शिवाय एक वेगळे फंक्शन लिहा, जे आपण थेट बोलवायचे नाही. विंडोज ते हवे तेव्हा बोलावील. त्यात सर्वांत कोड्यात टाकणारा संदेश ‘रंगव’ हा. एकदा लिहिलेले वाक्य खिडकीत टिकून का राहत नाही? कारण तेव्हा स्मृती अपुरी होती. झाकल्या गेलेल्या खिडकीचे चित्र यंत्रणा जपून ठेवीत नसे. खिडकी पुन्हा उघडी पडली की प्रोग्रामलाच म्हणे, पुन्हा काढ. आल्टोची ती उधळपट्टी इथे परवडणारी नव्हती.

१६/ आणखी एक दुखणे त्याच काळातले. सुरुवातीच्या विंडोजमध्ये सर्व प्रोग्राम आळीपाळीने, एकमेकांच्या भरवशावर चालत. एकाने संदेश घेतला आणि लांबलचक हिशेबात बुडाला, तर सारेच थांबत. दुकानदार गोणी मोजायला मागच्या कोठारात गेला आणि फळीवर गिऱ्हाइके हाका मारीत राहिली, असा तो प्रकार. १९९५ नंतर एकामुळे साऱ्यांनी अडकणे बरेच कमी झाले. पण ज्या प्रोग्रामचा दुकानदार कोठारात गेला, त्याची खिडकी आजही तशीच गोठते. ‘प्रतिसाद देत नाही’ ही सूचना त्या जुन्या दुखण्याचीच आठवण आहे.

१७/ भिंतीला पहिले मोठे दार पाडले ते बिल ॲटकिन्सन यांनीच. ऑगस्ट १९८७ मध्ये त्यांचे ‘हायपरकार्ड’ आले आणि नव्या मॅकिंटॉशबरोबर ते मोफत मिळू लागले. पडद्यावर पत्त्यांसारखी कार्डे; कार्डावर बटण काढायचे आणि त्याच्या पोटात साध्या इंग्रजीसारख्या दोन-तीन ओळी लिहायच्या : माऊस सोडला की पुढच्या कार्डावर जा. चक्र, संदेश, रंगवणे, सारे नजरेआड. शिक्षक, संग्राहक आणि छंद जोपासणारी माणसे प्रोग्राम बनवू लागली. १९९३ चा गाजलेला ‘मिस्ट’ हा खेळही हायपरकार्डमध्येच घडवलेला. २००४ साली ॲपलने त्याची विक्री बंद केली.

१८/ दुसरे दार फ्रान्समधून आले. ज्याँ-मारी युलो यांनी खिडकीची रचना कोडमध्ये शब्दांत न लिहिता पडद्यावर माऊसने मांडता यावी, असे साधन तयार केले. १९८८ च्या ‘नेक्स्ट’ संगणकावर ते ‘इंटरफेस बिल्डर’ या नावाने आले. या सोयीचा एक परिणाम जगाला ठाऊक आहे. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी नेक्स्टवरच पहिला वेब ब्राउझर लिहिला, आणि तोही काही महिन्यांत. खिडकी बनवण्याचे कष्ट कमी झाले की माणसाची बुद्धी मूळ कल्पनेसाठी मोकळी होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

१९/ तिसरे दार सर्वांत रुंद ठरले. ॲलन कूपर यांनी ‘ट्रायपॉड’ नावाचे एक साधन स्वतः बनवले होते. घटक उचलून मांडायचे आणि आपल्याला हवे तसे रूप रचायचे. १९८८ साली त्यांनी ते बिल गेट्स यांना दाखवले आणि मायक्रोसॉफ्टने ते घेतले. पुढे त्याची सांगड डार्टमथच्या त्या जुन्या बेसिक भाषेशी घातली गेली आणि मे १९९१ मध्ये ‘व्हिज्युअल बेसिक’ जन्माला आले. बटण उचला, खिडकीवर ठेवा, त्यावर दोनदा टिचका. समोर एक रिकामी जागा उघडते : हे बटण दाबल्यावर काय करायचे, तेवढेच लिहा.

२०/ नवशिक्यासाठी ही मोठीच मोकळीक होती. महाराष्ट्रातही अनेक महाविद्यालयांत आणि खासगी वर्गांत ‘व्हीबी’ शिकवले गेले. कित्येकांची पहिली खिडकी त्यातलीच. पण सोयीला एक सावली होती. चक्र दिसतच नसल्यामुळे ते आहे, हेच कळत नसे. सगळा हिशेब बटणाच्या पोटात कोंबायची सवय लागे. रेन्सकाउग यांनी वेगळे केलेले तीन भाग पुन्हा एकत्र कालवले जात. खिडकी गोठली की का गोठली, हे सांगता येत नसे. दार उघडले होते, पण आतल्या घराचा नकाशा दिला गेला नव्हता.

२१/ आणि दारे बंदही होतात. २००२ साली मायक्रोसॉफ्टने ‘डॉट नेट’ आणले. नव्या व्हिज्युअल बेसिकचे नाव तेच राहिले, पण जुना कोड त्यात जसाच्या तसा चालेना. २००८ मध्ये जुन्या आवृत्तीच्या साधनाचा आधारही संपला. हायपरकार्डच्या वाट्याला जे आले, तेच थोड्या फरकाने इथे घडले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक धडा मिळतो : साधने राजवटींसारखी येतात आणि जातात. त्यांच्याखाली वाहणारी कल्पना, म्हणजे वाट पाहणारा प्रोग्राम, १९६३ पासून बदललेली नाही.

२२/ आता युनिक्सच्या जगाकडे वळू, कारण आजच्या नवशिक्याचे सर्वांत सोपे दार तिथून येते. १९८४ साली एमआयटीत ‘एक्स विंडो’ प्रणाली सुरू झाली. तिने यंत्रणा दिली, पण बटण कसे दिसावे हे ठरवले नाही. परिणामी प्रोग्राम लिहिणे कष्टाचेच राहिले. बर्कली विद्यापीठातील जॉन आउस्टरहाउट यांनी आपल्या ‘टीसीएल’ भाषेसाठी १९९१ च्या सुमारास ‘टीके’ हा संच दिला. पन्नास ओळींचे बटण दोन ओळींवर आले. पुढे हाच संच पायथन भाषेला जोडला गेला. त्या जोडाचे नाव ‘टीकेइंटर’.

२३/ याच दशकात आणखी दोन घराणी उभी राहिली. नॉर्वेतील होवार्ड नूर आणि आयरिक शांबे-एंग यांचे ‘क्यूट’ १९९५ मध्ये बाहेर आले. घटना आणि कृती यांना जोडणारी त्याची ‘सिग्नल-स्लॉट’ पद्धत आजही वाखाणली जाते. ‘जीटीके’ मात्र चित्र-संपादनाच्या ‘गिंप’ या प्रोग्रामसाठी बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी घडवले. १९९६ मध्ये घोषित झालेल्या ‘केडीई’ने क्यूट निवडले. त्या वेळी क्यूटचा परवाना पूर्ण मुक्त नसल्याने १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्नोम’ने जीटीके घेतले. आज लिनक्सवर दिसणारी ही विविधता त्या वादाची फलश्रुती आहे.

२४/ खिडकी कोणाची, या प्रश्नाला आपल्यापुरती आणखी एक बाजू आहे : तिच्यावरची अक्षरे. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते ‘क’च्या नंतर, पण दिसली पाहिजे आधी. जोडाक्षरांचे आकार तर आणखी बदलतात. अनेक वर्षे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फाँटांवर काम भागवावे लागले. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले. विंडोजने देवनागरीची नीट मांडणी यंत्रणेतच आणली ती ‘विंडोज २०००’मध्ये. आज नवशिका बटणावर थेट ‘इसवी सन सांगा’ असे लिहू शकतो. ही साधी वाटणारी गोष्ट मिळायला इतकी वर्षे लागली.

२५/ तर आता आपले दुकान उघडू. पायथन आणि टीकेइंटर पुरेत (लिनक्सच्या काही प्रकारांत टीकेइंटर वेगळे बसवावे लागते). पाच पायऱ्या लक्षात ठेवा. पहिली : मुख्य खिडकी तयार करा. दुसरी : लेबल, लिहिण्याची चौकट आणि बटण हे घटक तयार करा. तिसरी : ते खिडकीत मांडा, ‘पॅक’ किंवा ‘ग्रिड’ वापरून. चौथी : बटणाला सांगा, दाबल्यावर कोणते फंक्शन बोलवायचे. पाचवी : ‘मेनलूप’ सुरू करा. ही पाचवी पायरी म्हणजे फळ्या काढून बसणे. त्या ओळीवर प्रोग्राम थांबलेला दिसतो. वस्तुतः तो वाट पाहत असतो.

२६/ हिशेब असा : शके वर्षात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पडताळ्यासाठी दोन तारखा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ : १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ : १६३०. मार्गशीर्ष आणि पौष हे महिने इसवी वर्षाच्या सांध्यावर येतात. त्यांच्यासाठी खिडकीने नेमके उत्तर न देता ‘तिथी तपासा’ म्हणावे. गंमत अशी की चौकटीत १५९६ हा आकडा देवनागरीत टाइप केला तरी पायथन तो अचूक संख्येत बदलतो.

२७/ तीन ठेचा जवळजवळ ठरलेल्या असतात. बटणाला फंक्शनचे केवळ नाव द्यायचे. पुढे कंस लावला की ते खिडकी उघडण्याआधीच चालून जाते. गिऱ्हाईक येण्यापूर्वीच माल बांधून ठेवल्यासारखे! दुसरी : घटक तयार केला पण मांडला नाही, तर तो दिसत नाही. तिसरी : बटणाच्या फंक्शनमध्ये लांब काम किंवा न संपणारे चक्र घातले की खिडकी गोठते, कारण दुकानदार कोठारात गेलेला असतो. काम छोटे ठेवा, झटकन परत या. ठेच लागली तर वरचे दुसरे आणि सोळावे टिपण पुन्हा वाचा.

२८/ ॲलन के यांच्या प्रयोगशाळेतील त्या मुलांना खिडकी ही घडवायची गोष्ट म्हणून भेटली. त्यानंतरच्या बहुतेकांना ती वापरायची गोष्ट म्हणून भेटली. हायपरकार्ड आणि व्हिज्युअल बेसिक यांनी तो भेद काही काळ पुसट केला. ती गेल्यावर तो पुन्हा गडद झाला. आज साधने मोफत आहेत, अक्षरे आपली आहेत आणि भिंत मुख्यतः त्या एका न समजलेल्या कल्पनेची उरली आहे. ती आता तुम्हाला समजली आहे. या आठवड्यात शके-इसवीची खिडकी करून पाहा आणि कुठे अडलात ते प्रतिसादांत लिहा. पुढचा धागा शके, हिजरी आणि फसली या कालगणनांवर असेल. तेव्हा ही खिडकी हाताशी असलेली बरी.